विश्लेषण : पत्र्याच्या शेडमधले घरचे बियाणे जूनमध्ये दगा का देते?

बियाणे, युरिया, कीटकनाशक, कापूस आणि दुचाकी एकाच पत्र्याखाली ठेवल्याने नेमके काय बिघडते? शेडमध्ये कशाशेजारी काय ठेवू नये? पेरणीआधी कोणती तपासणी करावी?

वेड पांघरून पेडगावला जाणे, असा एक वाक्प्रचार मराठीत आहे. सगळे कळत असूनही न कळल्याचे सोंग घेणे, हा त्याचा अर्थ. त्यातले पेडगाव बहुतेकदा श्रीगोंदा तालुक्यातील बहादूरगडाच्या पेडगावाशी जोडले जाते. परभणी जिल्ह्यातील पेडगाव वेगळे. पण या पेडगावात काय किंवा मराठवाड्यातील दुसऱ्या कुठल्या गावात काय, घरालगतच्या पत्र्याच्या शेडबाबत अनेकांचे वागणे त्या वाक्प्रचारासारखेच असते. तिथे काय कशाशेजारी पडले आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. आवरायचे मात्र पुढच्या आठवड्यावर जाते. या दिरंगाईची किंमत कधी पेरणीच्या वेळी कळते, तर कधी दवाखान्यात.

शेडमध्ये नेमके काय काय असते?

शहरातल्या बंगल्याला जसे गॅरेज, तसे खेड्यातल्या घराला हे शेड. चार लोखंडी खांब, वर पत्रे, दोन किंवा तीन बाजूंनी विटांची भिंत. मूळ हेतू ट्रॅक्टर किंवा दुचाकी उन्हापावसात राहू नये हा. पण जागा मोकळी दिसली की एकेक वस्तू तिथे येते. ऑक्टोबरमध्ये मळणी झालेल्या सोयाबीनची पोती, भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस, ज्वारी, तूर, युरियाच्या गोण्या, अर्धवट वापरलेल्या कीटकनाशकाच्या बाटल्या, फवारणी पंप, डिझेलचा कॅन, ठिबकच्या नळ्या, जुनी बॅटरी, सरपण आणि एका कोपऱ्यात पुढच्या खरिपासाठी बाजूला काढलेले बियाणे. त्यातली प्रत्येक वस्तू गरजेची असते. अडचण आहे ती त्यांच्या शेजाराची.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

२०२० च्या खरिपात विकत घेतलेले सोयाबीनचे बियाणे उगवले नाही, अशा हजारो तक्रारी राज्यभरातून आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर घरचे बियाणे वापरण्याच्या आवाहनावर कृषी विभागाने अधिक भर दिला. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्याचे वाण संकरित नसून सरळ असतात. त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्याच्या उत्पादनातून पुढची दोन वर्षे बियाणे ठेवता येते. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नेही शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. ब्रँडच्या नावाने ते विकता मात्र येत नाही.

घरच्या बियाण्यामुळे खर्च वाचतो, पण साठवणुकीची जबाबदारी शेतकऱ्यावर येते. कंपनीच्या गोदामाचे काम आता घरच्या शेडला करायचे असते, तेही ऑक्टोबर ते जून असे सुमारे आठ महिने. या काळात मराठवाड्याचा कडक उन्हाळा येतो. बियाणे उगवले नाही तर दुबार पेरणीचा खर्च आणि निघून गेलेली वापश्याची वेळ, असे दोन्ही नुकसान होते.

पूर्वीच्या घरांत काय वेगळे होते?

माळवदाच्या घरात धान्यासाठी बळद किंवा कणगी असे. काही ठिकाणी जमिनीत पेव असे. पेवाचे तोंड बंद केले की आतले धान्य आणि किडे श्वसनातून तिथला प्राणवायू वापरून टाकत आणि किडीची वाढ थांबे. हल्ली मिळणाऱ्या हवाबंद साठवण पिशव्यांमागे हेच तत्त्व आहे. बियाण्याची कणसे आढ्याला टांगली जात. जनावरे आणि कडबा गोठ्यात, सरपण बाहेर. मातीच्या जाड छतामुळे आतले तापमान दिवसभर फारसे हलत नसे.

त्या घरांत उंदीर-घुशींचा त्रास होताच आणि पेवात पाणी शिरून धान्य सडल्याचेही अनुभव होते. पण वस्तूगणिक जागा वेगळी होती. रासायनिक खते, कीटकनाशके, पेट्रोल आणि बॅटऱ्या या वस्तू तेव्हा घरात नव्हत्याच. त्या आल्या, पण त्यांच्यासाठी जागा ठरली नाही. सगळे एका पत्र्याखाली आले.

पत्र्याखाली उगवणशक्ती का घटते?

बियाणे हा जिवंत माल आहे. साठवणीतही त्याचे श्वसन मंद गतीने सुरू असते. ओलावा आणि उष्णता वाढली की श्वसन वाढते आणि बियाण्याचे आयुष्य घटते. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा याबाबतचा ढोबळ नियम जगभर वापरला जातो. बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने कमी केला तर साठवण आयुष्य दुप्पट होते. साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केले तरीही ते दुप्पट होते.

हा हिशेब शेडला लावून पाहता येतो. १२ टक्के ओलाव्याचे बियाणे नीट वाळवून १० टक्क्यांवर आणले, तर आयुष्य चौपट. तेच पोते पत्र्याखालून उचलून ५ अंशांनी थंड असलेल्या आतल्या खोलीत ठेवले, तर त्याच्या आणखी दुप्पट, म्हणजे एकूण आठपट. खर्च काहीच नाही, फक्त जागा बदलायची. हा नियम अगदी अचूक आकडे देत नाही, पण दिशा नेमकी सांगतो.

सोयाबीनला हा धोका जास्त असतो. त्याच्या दाण्यात सुमारे २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिने असतात. उष्णतेत तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि अंकुराची ताकद कमी होते. दाण्याचे बाह्य आवरण पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो. त्यामुळे पोते उंचावरून आपटले तरी आतला अंकुर दुखावू शकतो. असा दाणा वरून चांगला दिसतो, पण उगवत नाही. थप्पी फार उंच झाली की खालच्या पोत्यांवर दाब येतो. म्हणून बियाण्याची थप्पी चार-पाच पोत्यांपेक्षा उंच करू नये.

प्लास्टिकच्या पोत्याचाही प्रश्न आहे. ओलसर बियाणे त्यात भरले की रात्री आतल्या बाजूला पाणी सुटते आणि बुरशी धरते. त्यापेक्षा स्वच्छ, कोरडे गोणपाटाचे बारदान चांगले. हवाबंद पिशवी वापरायची असेल तर बियाणे आधी पूर्ण वाळलेले हवे.

खत आणि तणनाशक शेजारी असेल तर?

युरिया हवेतील पाणी ओढून घेतो. पावसाळ्यात उघड्या गोणीचा दगड होतो, तो यामुळेच. गोणीभोवतीचा हा ओलावा शेजारच्या बियाण्यापर्यंत पोहोचतो. युरियाचे विघटन होताना निघणारा अमोनिया वायूही अंकुराला मारक असतो. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. ती बियाण्याच्या थप्पीवर किंवा तिला टेकून ठेवणे, ही शेडमध्ये सर्रास होणारी चूक आहे.

तणनाशकाचा धोका वेगळा आहे. वनस्पती मारणे हेच त्याचे काम. २,४-डी सारख्या तणनाशकाच्या काही प्रकारांची वाफ होते. ती वाफ किंवा गळती बियाण्याला, खताला किंवा शेजारच्या कीटकनाशकाला लागली, तर पुढे पिकावर परिणाम दिसतो आणि कारण मात्र सापडत नाही. त्यामुळे तणनाशक आणि कीटकनाशक वेगळ्या कप्प्यात ठेवावे. दोन्हीसाठी एकच पंप वापरणेही टाळावे.

कीटकनाशक कुठे ठेवायचे?

गावात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. सवयीच्या या शब्दामुळे त्याची भीती कमी होते. कायद्याने मात्र प्रत्येक डब्यावर विषारीपणाचा त्रिकोण बंधनकारक आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा कमी विषारी. लाल गटात तोंडावाटे मारक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असते. हिरवा त्रिकोण असला तरी ते विषच असते.

डबा बदलला की काय होते, याचे सर्वात भीषण उदाहरण बिहारमधले आहे. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात तेल ठेवले गेले असावे, असे अधिकाऱ्यांनी तेव्हा म्हटले होते.

यातून दोन नियम निघतात. उरलेले कीटकनाशक पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही काढू नये. लेबल असलेल्या मूळ डब्यातच ठेवावे. रिकामा डबा घरात कुठल्याही कामाला वापरू नये. कीटकनाशक नियम, १९७१ नुसारही रिकाम्या डब्यांचा पुनर्वापर होणार नाही, अशी विल्हेवाट लावणे आवश्यक आहे. फवारणी करताना डबा रिकामा झाला की तो तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोक पाडावे.

फवारणीचे कपडे, हातमोजे आणि पंपही घरच्या कपड्यांपासून वेगळे टांगावेत. विष त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हे साऱ्या राज्याने पाहिले.

कुलूप लावणे पुरेसे आहे का?

लहान मुलांच्या दृष्टीने कुलूप हवेच. पण कुलूपबंद पेटीने सगळा धोका संपतो असे नाही. श्रीलंकेच्या ग्रामीण भागात घरोघरी अशा पेट्या देऊन मोठा अभ्यास झाला. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. पेट्या दिलेल्या गावांत कीटकनाशक पिऊन स्वतःला इजा करण्याच्या घटना कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. म्हणून हंगामाला लागेल तेवढेच आणणे आणि घरात साठा न उरू देणे जास्त सुरक्षित. घरात कुणी खूप तणावात असेल, तर हा साठा काही काळ घरापासून दूर नेणे आणि ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलणे, दोन्ही करावे.

विषबाधेची शंका आली तर उलटी करवू नये. विष लागलेले कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुवावी, १०८ ला फोन करावा आणि डब्याचे लेबल सोबत न्यावे. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

धान्यात गोळ्या टाकून शेडमध्ये ठेवले तर?

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन हा अतिविषारी वायू सुटतो. ३ ग्रॅमची एक गोळी साधारण १ ग्रॅम वायू सोडते. हे धुरीकरण बंद गोदामात, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करायचे असते. शेडची भिंत घराला लागून असेल, तर वायू फटीतून झोपायच्या खोलीत जाऊ शकतो. त्यामुळे घरात किंवा घरालगत या गोळ्या वापरूच नयेत. घरच्या ज्वारी-गव्हासाठी कडक उन्हात वाळवणे, दाताखाली कट्‌कन फुटेल इतका दाणा कोरडा करणे आणि घट्ट झाकणाच्या कोठीत किंवा हवाबंद पिशवीत भरणे, हा मार्ग सुरक्षित आहे.

कापूस, पेट्रोल आणि चार्जिंग एकत्र का नको?

कापसाला ठिणगी लागली की तो लगेच भडकेलच असे नाही. तो आतल्या आत धुमसत राहतो आणि बऱ्याच वेळाने पेट घेतो. रात्री लागलेली आग उशिरा लक्षात येते, ती यामुळे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. साध्या बॅटरीच्या चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेटू शकतो. विद्युत दुचाकीची लिथियम बॅटरी तापली तर आग विझवणे आणखी अवघड असते.

म्हणून कापसाच्या खोलीत चार्जिंग नको, उघडी जोडणी नको, विडी-सिगारेट नको. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येते. पण कायद्याची मुभा म्हणजे सुरक्षितता नव्हे. पंपाला लागेल तेवढेच पेट्रोल धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, कापसापासून दूर ठेवावे. शेडच्या वीजजोडणीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला तर गळतीच्या धक्क्यापासून बचाव होतो.

कापूस घरात ठेवला की अनेकांच्या अंगाला खाज सुटते. बोंडअळीसारख्या किडींवर जगणारे अतिसूक्ष्म कोळी आणि धूळ ही त्याची कारणे असू शकतात. झोपायच्या खोलीत कापूस नको, हा त्यावरचा पहिला उपाय. ओलसर जागेचा फटका भावालाही बसतो. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) हमीभावाने खरेदी करताना ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव देते, ८ ते १२ टक्क्यांदरम्यान कपात करते आणि त्यावर माल नाकारते.

मग शेडची मांडणी कशी असावी?

नवे बांधकाम न करताही चार भाग पाडता येतात.

पहिला भाग, बियाणे आणि खायचे धान्य : हे शक्यतो शेडमध्ये नकोच. घराच्या आतल्या थंड खोलीत ठेवावे. शेडशिवाय पर्याय नसेल तर पश्चिमेची भिंत टाळावी, कारण दुपारनंतरचे ऊन तिच्यावर येते. पूर्व किंवा उत्तर बाजू निवडावी. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून साधारण एक फूट सोडून ठेवावीत. या मोकळ्या जागेतून हवा खेळते आणि उंदरांचा माग दिसतो.

दुसरा भाग, खते : फळ्यांवर, प्लास्टिकने झाकून, बियाण्याच्या विरुद्ध बाजूला. उघडी गोणी लगेच बांधावी.

तिसरा भाग, कीटकनाशके आणि तणनाशके : लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, कुलूपबंद लोखंडी कपाटात, दोन वेगळ्या कप्प्यांत. द्रव बाटल्या खाली आणि पावडर वर, म्हणजे गळती झाली तरी पावडरीवर पडणार नाही. डब्यावर खरेदीची तारीख लिहावी. मुदत संपलेला डबा पुढच्या हंगामाला ठेवू नये.

चौथा भाग, वाहन, इंधन आणि चार्जिंग : दाराजवळ, सर्वात मोकळ्या हवेच्या बाजूला. आग लागली तर वाहन बाहेर काढता यावे. वाळूची एक बादली इथेच असावी.

सरपण, गोवऱ्या आणि कडबा शेडबाहेर. ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बोटाएवढ्या भोकातूनही उंदीर आत येतो. त्यामुळे पत्रा आणि भिंत यांमधल्या फटी जाळीने बंद कराव्यात.

पाणी किती वर येते, तेही आधी पाहावे. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परभणी-हिंगोलीत अतिवृष्टी झाली, तेव्हा अनेक घरांत पाणी शिरले होते. त्या वेळची पाण्याची खूण भिंतीवर असेल, तर फळ्या आणि कपाट तिच्या वर हवेत. विष पुराच्या पाण्यात मिसळणे हा वेगळा धोका आहे.

भावासाठी माल ठेवायचा असेल तर?

सगळा माल घरीच ठेवावा लागतो असे नाही. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून सुरू आहे. योजना राबवणाऱ्या बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात सोयाबीन, तूर, ज्वारी यांसारखा माल ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळते. भाव वाढण्याची वाट पाहता येते आणि शेडमध्ये बियाण्यासाठी जागाही उरते.

पेरणीआधी काय तपासावे?

मे महिन्यात उगवण तपासणी करावी. प्रत्येक पोत्यातून थोडे बियाणे घेऊन एकत्र करावे आणि त्यातले १०० दाणे न निवडता मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून ओलसर ठेवावी. सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. ७० किंवा जास्त असतील तर एकरी ३० किलो बियाणे पुरेसे. त्याखाली दर एका टक्क्यामागे एकरी अर्धा किलो वाढवावे. म्हणजे ६५ दाणे उगवले तर साडेबत्तीस किलो आणि ६० उगवले तर ३५ किलो. त्याहून कमी असेल तर ते बियाणे पेरू नये. मे महिन्यात हे कळले तर दुसरे बियाणे शोधायला वेळ असतो. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी आणि दाणा ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

या तपासणीला लागते ते एक गोणपाट, शंभर दाणे आणि सात दिवस. शेडमध्ये आठ महिने बियाण्याचे काय झाले, ते त्यातून कळते.